अहमदपूरला उतरणार, असं मी खोटं सांगितलं

ज्या माणसामुळं मी आज लातुरात वजनकाट्यावर बसतो, तो माणूस नांदेडला एका बोळात घड्याळं दुरुस्त करतो. वय साठीच्या पुढं, दाढी मेंदीनं तांबूस केलेली, डोळ्याला भिंग लावून लावून एक डोळा कायम बारीक. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण मला त्यांच्या बिमारीबद्दल लिहायचं आहे आणि ती त्यांनी घरातसुद्धा नीट सांगितलेली नाही. मी त्यांना चाचा म्हणतो. आधी त्यांचे उपकार सांगून टाकले, आता काय झालं ते. उलटं सांगितलं तर तुम्हीही त्यांच्यावर तोच संशय घ्याल, जो मी त्या सकाळी घेतला.

मला पोटाचा त्रास आहे. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. घरी बसलो तर दोन-दोन दिवस काही नसतं. कुठं जायचं ठरलं, की बेंबीच्या खाली कळ सुरू. एकदा जाऊन भागत नाही, तीनदा जावं लागतं, आणि तिसऱ्यांदा जाऊन आलो तरी अजून काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, नळी घालून आतून बघितलं आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." मला वाटलं, हे काहीतरी लपवून राहिले. रिपोर्ट वाईट आला असता तर एक वेळ विश्वास ठेवला असता. बायकोनं वेगळंच विचारलं. "नॉर्मल हाय, तर मग सकाळपासून चार डाव कशाला जाऊन राहिलात?" त्याचं उत्तर रिपोर्टात नव्हतं.

शाळासुद्धा याच पोटानं सोडवली. बिलोलीकडं आमचं गाव. आकड्यांत मी बरा होतो, गुरुजी मला बाजारचा हिशेब तोंडी करायला लावायचे. दहावीच्या परीक्षेत गणिताच्या पेपरला अर्ध्या तासात दोनदा बाहेर जायला मागितलं. परीक्षेत दोनदा बाहेर जाणारा पोरगा म्हणजे कॉपीवाला, हे आमच्या भागात ठरलेलं. सरांनी दारातच धरलं. खिसे उलटे केले, बूट काढायला लावले, शर्टाच्या आत हात घातला. चिठ्ठी सापडली नाही, म्हणून त्यांचा संशय जास्तच वाढला. "गिळलीस का रे?" असं सगळ्या वर्गासमोर विचारलं. पोरं हसली. त्यानंतरच्या पेपरांना मी गेलोच नाही. घरी सांगितलं, मन लागत नाही.

पुढं नांदेडला बियाणांच्या एका गोदामात आवक-जावक लिहायला लागलो. सात वर्षं तिथंच. गोदामाच्या मागं संडास होता, पाणी होतं, आणि मालक विचारत नव्हता. मग मालकानं धंदाच बंद केला. मेहुणा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर आहे. तो रोज फोन करायचा, "ये की दाजी, नवव्या मजल्याचा स्लॅब चालू हाय." त्याला स्लॅब दिसायचा, मला नऊ मजल्यांच्या पायऱ्या दिसायच्या. खाली उतरेपर्यंत माझं काय होणार, हे त्याला कसं सांगणार?

तेवढ्यात एका ओळखीच्या हमालाकडून कळलं, लातूरला एका डाळमिलमध्ये काट्यावर बसायला माणूस पाहिजे. शिक्षणाची अट नाही, आकडा चुकला नाही पाहिजे. मी मिलच्या मुनीमजींना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारी अकराला ये. उशीर झाला तर येऊ नको." फोन ठेवला आणि पोटात पहिली कळ आली. सोमवारला अजून चार दिवस होते.

आदल्या दिवशी दुपारपासून काही खाल्लं नाही. सोमवारी पहाटे तीनदा जाऊन आलो आणि सहाची लातूर गाडी धरली. माझी जागा ठरलेली असते, दाराजवळची. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि जुन्या मालकाचं पत्र एका पिशवीत, पिशवी मांडीवर, बंद मनगटाला गुंडाळलेला. तिकीट घडी करून घड्याळाच्या पट्ट्याखाली सारलं. स्टँडवर भोंग्यातून सांगत होते, अनोळखी माणसानं दिलेलं काही खाऊ नका. ती सूचना मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वेळी मला ती माझ्यासाठीच वाटते.

गाडी सुटता सुटता चाचा आले. मागं अर्धी गाडी रिकामी, आणि हा माणूस माझ्याच शेजारी बसला. मी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

थोड्या वेळानं बघतो तर त्यांची नजर माझ्या मनगटावर. घड्याळ सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, फार भारी नाही, पण नांदेडातला चोर काही किंमत विचारून चोरत नसतो. मी बाही खाली ओढली. ते खिडकीबाहेर बघायला लागले. परत मी बाही वर सरकवली की परत नजर तिथंच.

लोह्याला गाडी पाच मिनिटं थांबली. मी रुमाल सीटवर टाकला, पिशवी घेऊन पळालो. बाहेर येतो तर चाचा संडासाच्या दारासमोर उभे. माझ्याकडं बघून हसले. मी पिशवी छातीशी धरली. गाडीत येऊन बसलो, तेही पाठोपाठ आले.

"कुठपर्यंत, बेटा?"

"अहमदपूर," मी म्हणालो.

हे खोटं का बोललो, तर लातूर सांगितलं असतं तर लातुरात तो माझ्या मागं लागला असता. अहमदपूर सांगितलं म्हणजे तिथं तो माझ्यावरचं ध्यान काढून घेईल, असा माझा हिशेब. हे मी जरा मोठ्यानंच बोललो. कंडक्टर तिथंच दाराला टेकून हिशेबाचा कागद भरत होता.

चाचांनी माझ्याकडं मान वळवली. बारीक डोळा आणखी बारीक केला. मग म्हणाले, "अहमदपूरला कोण हाय?"

"पाहुणे."

"सकाळी सकाळी?"

"हाव."

"चहा घ्यायचा नव्हता का मघाशी लोह्याला? गरम होता."

"मी चहा घेत न्हाई."

"हां," ते म्हणाले, जसं काही मी मोठी कबुली दिली. मला त्या 'हां'चा फार राग आला. पोलीस असं 'हां' म्हणतात.

अहमदपूर यायच्या आधी दहा मिनिटं पोटात परत फिरायला लागलं. पाय एकमेकांत अडकवून बसलो, ओठ चावले, देवीचं नाव घेतलं. स्टँडात गाडी वळताच रुमाल सीटवर टाकला आणि पिशवी गळ्यात अडकवून उतरलो. आत कडी नव्हती. एक पाय दाराला लावून बसलो. बाहेर दोन घंट्या वाजल्या, गाडीचा आवाज वाढला आणि लांब गेला. अशा वेळी माणूस काय करणार? उठता येत नाही. दुसरीच गाडी असेल, असं मनाला सांगत राहिलो.

बाहेर आलो तर फलाट रिकामा.

मी तिथंच खांबाला टेकलो. साडेआठ वाजले होते. आतापासूनच मला मेहुण्याचा आवाज ऐकायला येत होता. आणि तेवढ्यात बघतो तर स्टँडच्या फाटकातून चाचा चालत येत आहेत. एका हातात त्यांची कापडी पिशवी, दुसऱ्या हातात माझा रुमाल.

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. परक्याच्या रुमालासाठी कोणी चालती गाडी सोडतं का? याला माझ्याकडनं काहीतरी मोठं पाहिजे, हे आता पक्कं झालं.

"कंडक्टरला लई सांगितलं," चाचा दम खात म्हणाले. "तो म्हणतो, ते अहमदपूरचं पॅसेंजर हाय, मी माझ्या कानानं ऐकलंय. मी म्हणलं, अरे बाबा, उतरणारा मानूस सीटवर रुमाल टाकून जातो का? रुमाल टाकला म्हणजे तो वापस येणार. तर म्हणतो, इसरला असंल. शेवटी फाटकाजवळ मीच उतरलो."

"तुमचं तिकीट कुठलं?"

"लातूरचं."

"मग उतरलात कशाला?"

"तुझंबी लातूरचंच हाय की. पट्ट्यात खोसलंय, नांदेडपासून बघून राहिलो. आन घड्याळ धा मिनिटं मागं हाय तुझं. सेल संपत आलाय. मी घड्याळवाला हाय, माझी नजर जाते तिकडं, काय करू?"

मी बाही खाली ओढली. लाज वाटली, पण संशय गेला नाही. माणूस घड्याळवाला असला म्हणून चांगला असतो असं थोडंच आहे?

बाहेर काळी-पिवळी जीप ओरडत होती, चाकूर, लातूर, लातूर. मी तिकडं निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला. "जीपमदी नको."

"मला अकराला पोचायचंय चाचा, सोडा."

"नऊची गाडी हाय. साडेधाला लातूर. जीपवाला चौदा लोकं कोंबतो. तू मधी बसशील. चाकूरच्या पुढं पोटात आलं तर बारा लोकं उतरवून तुला उतरू देणार का तो?"

मी जीपकडं जायचं थांबलो. पोटाबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो.

ते बाकावर बसले आणि पिशवीतून कागदाची पुडी काढली. भाजलेलं जिरं आणि सैंधव. माझ्यापुढं धरली. मी मान हलवली. भोंग्यातली बाई माझ्या डोक्यात बोलतच होती. चाचांनी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकलं, चावलं, गिळलं आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर बसून राहिले.

"बघ. मेलो का?"

"न्हाई."

"मग घे आता. का अजून पाच मिनिटं वाट बघतो?"

मी खरंच थोडी वाट बघितली. मग घेतलं.

"सोळा वर्षं झाली मला," ते म्हणाले. "दाराजवळची सीट धरतो, चहाला नको म्हणतो, स्टँड आलं की फलाटाच्या आधी संडासाची पाटी हुडकतो. असा मानूस मला दुरून वळखू येतो. लोह्याला मी तुझ्या मागं न्हाई आलतो, बेटा. माझीच गरज होती. तू आत बसलास आन मी बाहेर नाचून राहिलो."

मी हसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग ते शिकवायला लागले. नांदेड ते लातूर कुठल्या स्टँडवर पाणी असतं, कुठल्या पेट्रोलपंपावर चावी मागावी लागते, कुठल्या धाब्यावर जेवलं नाही तरी जाऊ देतात. एखादा हाफिज कुराण पाठ म्हणतो तसं म्हणाले. शेवटी म्हणाले, "आन एक गोष्ट ध्यानात ठेव. जिथं चाललास तिथं आधीच सांगून टाक. पोट लपवणारा मानूस चोरावानी दिसतो. आज तू मला चोर समजलास, पन गाडीतली लोकं कोणाकडं बघत होती म्हाईत हाय का? तुझ्याकडं. पिशवी छातीशी धरून सारखा दाराकडं बघतो. कंडक्टर मला हळूच म्हणाला, चाचा, खिसा सांभाळा."

मी गळ्यातली पिशवी काढून मांडीवर ठेवली.

नऊच्या गाडीनं आम्ही निघालो. चाचांनी चढतानाच ड्रायव्हरला सांगितलं, "आमचे दोघांचे पोट खराब हायेत, हात केला की बाजूला घ्या मामा." ड्रायव्हर म्हणाला, "दोघांचे एकदाच होऊ देऊ नका म्हणजे झालं." अख्ख्या गाडीनं ऐकलं. मला वाटलं जमीन फाटावी. पण नवल म्हणजे लातूरपर्यंत एकदाही हात करावा लागला नाही. लातूर स्टँडवर चाचांनी मला त्यांचा नंबर दिला आणि रिक्षात बसवून दिलं. रिक्षावाल्याशी काय बोलले ते ऐकू आलं नाही, त्यामुळं अर्धा रस्ता मी परत तोच विचार करत होतो की काय बोलले असतील. इतक्या लवकर सवय जात नाही.

मिलमध्ये अकराला पाच कमी असताना पोचलो. मुनीमजी म्हणजे पांढरा सदरा, जाड चष्मा, तीस वर्षांपासून त्याच गादीवर. आधी तोंडी चार हिशेब घातले. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, बारदान वजा, निव्वळ माल किती. चारही बरोबर आले. मग चहा आला.

"मी चहा घेत न्हाई," मी म्हणालो. आधीच सांगायचं ठरवलं होतं, पण जीभ उचलली नाही.

मुनीमजींनी चष्म्यावरून बघितलं. "या आधीचा पन इथला चहा घेत नव्हता. ड्रायव्हर लोकायचा घ्यायचा. दर गाडीमागं दोन पोते जास्त दाखवायचा." थांबून म्हणाले, "पानी तर घेतो ना?"

"थोडं."

"हं. चल, काट्यावर बस. चार गाड्या बघतो तुझ्या. एकच नियम हाय. गाडी काट्यावर असताना कॅबिन सोडायची न्हाई. जो सोडतो, तो ड्रायव्हरला इशारा करायला जातो, असं मी धरून चालतो."

कॅबिनमध्ये बसताना मी खिडकीतून आधी काय बघितलं असेल, ते सांगायला नको. संडास कॅबिनच्या मागं होता, तीस पावलांवर. दोन गाड्या नीट गेल्या. तिसरी तुरीची गाडी काट्यावर चढली आणि पोटात ती ओळखीची कळ आली. स्क्रीनवर आकडा स्थिर झाला.  वाटलं, दाबून धरू. पण दाबून धरल्यावर पुढं काय होतं ते मला माहीत आहे. वाटलं, असंच उठून पळावं, स्टँड गाठावं आणि पुण्याची गाडी धरावी. मुनीमजी मागं उभे राहून माझ्या मानेकडंच बघत होते.

"मुनीमजी," मी म्हणालो, "मला पोटाची बिमारी हाय. आत्ता जावं लागतंय. चहा त्याच्यामुळंच घेत न्हाई."

ते स्क्रीनवरच्या आकड्याकडं बघायला लागले. ते तिकडं बघतात म्हटल्यावर माझं डोकं भलतीकडं गेलं. मी उठून गेलो आणि यांनीच आकडा बदलला तर? मला पकडायला म्हणून? पहिल्याच दिवशी चूक माझ्या नावावर. म्हणून मी स्क्रीनवरचा आकडा कागदावर लिहिला आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"हितं सही करा. मी येईपर्यंत आकडा हाच राहिला पायजे."

"माझी सही?"

"हाव. आन ड्रायव्हरची पन." ड्रायव्हरला खिडकीतून बोलावलं, त्याचाही अंगठा घेतला. "हा माझा फोन हितं ठेवतो. म्हणजे मी कोणाला इशारा केला म्हणायला नको." कागद घडी करून खिशात घातला आणि पळालो.

परत आलो तेव्हा मुनीमजी माझ्याच खुर्चीत बसले होते. मी आधी कागद काढला, स्क्रीन बघितली. आकडा तोच. मगच गाडी सोडली. चौथी गाडी कशी गेली, आठवत नाही.

मुनीमजींनी मला मालकाकडं नेलं. मालक फोनवर होते. मुनीमजी म्हणाले, "शेठ, तीस वर्षांत या मिलमदी माझ्याकडून कोणी सही घेतली न्हाई. यानं घेतली. संडासला जायच्या आधी." मालकांनी फोन बाजूला धरला. "म्हणजे?"

"म्हणजे याचा कोणावर विश्वास न्हाई. काट्यावर असाच मानूस पायजे."

"आन ते पोटाचं?"

"संडास जवळच हाय," मुनीमजी म्हणाले. "सही घेऊन जाईल."

एक महिना बघतो, असं मालक म्हणाले होते. आता दुसरं वर्ष चालू आहे. बायको आणि माझी आई गावाकडंच आहेत. मी मिलच्या मागं खोलीत राहतो आणि सणाला जातो. काट्यावर अजूनही रोज दोन-तीनदा सह्या घेतो. ड्रायव्हर लोक लांबूनच ओरडतात, "लेखणी काढा, साहेब चालले." मी हसतो, पण सही घेतल्याशिवाय जात नाही.

चाचांना फोन त्याच संध्याकाळी केला होता. तेव्हा कळलं, ते लातूरला बहिणीच्या मुलाच्या मंगनीला चालले होते. माझ्यापायी उशीर झाला आणि ते पोचेपर्यंत अंगठी घालून झाली होती. मामानंच नसावं, म्हणून बहिणीनं चारचौघांत बोल लावले. ते म्हणाले, "मंगनी माझी नव्हती ना. जेवन मिळालं, बस झालं." पण आवाजावरून मला कळलं, ते लागलं होतं त्यांना. उशीर का झाला, हे त्यांनी बहिणीला सांगितलंच नाही. मला लपवू नको म्हणणारा माणूस स्वतः गप्प राहिला.

मागच्या आठवड्यात बोलणं झालं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं, मुलगी हैदराबादला असते, तिचा पोरगा आता चालायला लागला. मी विचारलं, बघून आलात का? म्हणाले, "फोनवर बघतो. लातूरच्या रस्त्यावर मला सगळं म्हाईत हाय, बेटा. त्या रस्त्यावर मला काहीच म्हाईत न्हाई. मुलगी म्हणते, अब्बांना आमचं घर आवडत न्हाई."

म्हणून हे लिहून ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीत मी एकटा नांदेडहून हैदराबादला जाऊन येणार आहे. वही घेऊन. कुठं गाडी थांबते, किती वेळ थांबते, कुठल्या पंपावर चावी लागते, कुठं दाराला कडी आहे, सगळं उतरवून आणणार. कोणी सांगितलं म्हणून लिहिणार नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघणार. आणि मग एक दिवस चाचांना घेऊन त्या रस्त्यानं निघणार, दोघं दाराजवळच्या सीटवर, आणि त्यांना मुलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणार. तोपर्यंत त्यांचं ऋण माझ्यावर आहे, हे मी विसरलेलो नाही.